साणं बुजलं, बंब गेला

आज बोलायचं आहे ते घराच्या छतातल्या एका भोकाबद्दल. हसू नका. ज्यांचं बालपण धाब्याच्या घरात गेलंय त्यांना लगेच आठवेल. चुलीच्या वर, मातीच्या धाब्यात, वीतभर रुंद मोकळी जागा ठेवलेली असायची. तिला साणं म्हणायचे. त्यातून उजेडाचा एक पट्टा खाली यायचा आणि चुलीचा धूर वर जायचा. पाऊस आला की घरातलं पोर धाब्यावर चढून त्यावर फुटक्या मडक्याचं बूड झाकायचं, आणि उघडीप झाली की आजी खालून ओरडायची, "काढ रे ते, धूर कोंडला."

हे आज का काढलं ते सांगते. मागच्या मार्गशीर्षात आमच्या गटातली एक ताई पहाटे न्हाणीघरात पडली. बोरीकाठचं गाव आमचं, त्या आठवड्यात थंडी कडाक्याची होती. आत गॅसचा गीझर, कडी आतून लावलेली. बादली पडल्याचा आवाज झाला म्हणून लेक धावली. दार तोडून बाहेर काढलं तेव्हा ताईचे हातपाय आखडल्यासारखे झाले होते. गुरुवार होता. कुणी म्हणालं, उपास घडला नाही. कुणी म्हणालं, फिट आली, कांदा हुंगवा. एक म्हातारी तर सरळ 'बाहेरचं' म्हणून मोकळी झाली. अंगणातल्या वाऱ्यावर दहा मिनिटांनी ताईनं डोळे उघडले आणि एवढंच बोलली, "माले चक्कर उनी." आशाताईनं बोटाला ऑक्सिमीटर लावलं, आकडा ९८. म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. तरी तिला तालुक्याला नेलं, ते बरं झालं. तिथल्या डॉक्टरांनी उपासाचं काही विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाणी कशावर तापवता?"

त्या प्रश्नानं मला मागं मागं नेलं. आपल्या आज्या पाणी कशावर तापवायच्या?

बंबावर. तांब्याचा किंवा पितळेचा बंब, मधोमध नळी, नळीत खाली निखारे, भोवती पाणी. कपाशीच्या पऱ्हाट्या, गोवऱ्या, जे मिळेल ते त्यात जायचं. ती मधली नळी हीच त्याची चिमणी. एवढं असूनही बंब कुणी खोलीत पेटवत नसे. तो अंगणात, ओट्याच्या कडेला, नाहीतर मागच्या दारी. पाणी तापलं की तोटीनं बादली भरायची आणि न्हाणीत न्यायची. न्हाणी तरी कसली, तीन बाजूंना कमरेच्या वर भिंत, चौथ्या बाजूला जुन्या लुगड्याचा पडदा, वर आभाळ. थंडी वाजायची, लाज सांभाळत न्हावं लागायचं, ते दिवस चांगले होते असं मी मुळीच म्हणणार नाही. पण विस्तव एका जागी आणि अंघोळ दुसऱ्या जागी, हे कुणी न शिकवता चालत आलं होतं.

चुलीचंही कौतुक करायला मी बसलेले नाही. न पेटणाऱ्या चुलीशी हुज्जत घालणारी बहिणाबाई चौधरींची कविता आपल्या भागात कुणाला माहीत नाही? आसोद्याची ती लेक १८८० साली जन्मली, १९५१ साली गेली. सारा जन्म तिनं त्या धुरात काढला, आणि तिच्यासारख्या लाखोंनी. डोळे गेले, दमा लागला, छाती भरली. त्या धुरावर विचार करणारी माणसंही होती. वर्ध्याच्या मगनवाडीत, कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघानं, धूर नळीतून बाहेर काढणारी 'मगन चूल' तयार केली. पुढं १९८३ नंतर सरकारनं सुधारित चुलींचा देशभर कार्यक्रम चालवला. त्यातल्या पुष्कळ चुलींचे पाइप काजळीनं बुजले आणि लोकांनी काढून टाकले. पण विचार तोच होता, की जिथं जाळ तिथं बाहेर जायची वाट.

आणि धुराचा एक गुण मान्य करावाच लागेल. तो डोळ्यांत झोंबतो, ठसका लावतो, माणसाला उठवून दारात आणतो.

ज्याला धूर नाही असा विस्तवही आपल्याकडे होता, तो म्हणजे शेगडीतले निखारे. बाळंतिणीची खोली आठवा. बाजेखाली शेगडी, वर बाळ-बाळंतीण, वारं लागू नये म्हणून खिडकी बंद, दाराला गोधडी. निखारे लाल झाले, धूर संपला, म्हणजे आता शेगडी आत न्यायला हरकत नाही, असा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे. कोळसा धुराशिवाय धुमसतो तेव्हाच त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांत झोंबत नाही. धाब्याच्या घरात साणं होतं, दाराच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी होत्या, म्हणून कितीतरी बाळंतिणी तरल्या असतील. कितीजणी 'बाळंतवाताने गेली' म्हणून कुणाच्या खाती लागल्या, ते आता कोण सांगणार! हा वायू पोटातल्या बाळाला आईपेक्षाही जास्त बाधतो.

हा वायू रक्तात काय करतो, ते शोधायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. १८५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी दाखवलं की तो रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. आपल्या रक्तातला लाल पदार्थ, हिमोग्लोबिन, प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. पुढं इंग्लंडमध्ये जॉन हाल्डेन यांनी १८९५ च्या सुमारास तो स्वतः हुंगून पाहिला आणि किती वेळात काय होतं ते लिहून ठेवलं. खाणीत उतरताना पिंजऱ्यात कॅनरी पक्षी न्या, असं त्यांनीच सुचवलं. चिमुकला जीव, श्वास भराभर, म्हणून माणसाच्या आधी तो कलंडायचा आणि खाणकामगार बाहेर पळायचे. ब्रिटनच्या खाणीत १९८६ पर्यंत हे पक्षी होते. माणसाचं नाक या वायूपुढं आंधळं आहे, हे तिकडच्या कामगारांना शंभर वर्षं माहीत होतं. आपल्या स्वयंपाकघरात मात्र ते कुणी सांगितलं नाही.

आता गॅसकडे येऊ. हा शब्द आपल्याकडे शेगडीच्या किती आधी आला पाहा. मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. लालबागला कोळशापासून गॅस बनायचा आणि नळानं शहरात जायचा. त्या भागाला लोक अजून 'गॅस कंपनी' म्हणतात. आपल्या खेड्यात तो नळ कधी आला नाही, पण शब्द आला. रॉकेलला आपल्या आज्या घासलेट म्हणायच्या ना, ते मूळचं 'गॅसलाइट' असं सांगतात. दिव्यात घासलेट, मग पंपाचा स्टोव्ह, मग वातीचा. स्टोव्हच्या भडक्यात जळालेल्या सुनांची गोष्ट वेगळी आहे, ती एका भाषणात मावणारी नाही.

सिलिंडरचा गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारास बर्मा शेल कंपनीनं 'बर्शेन' नावानं आणला. इंडियन ऑइलचा 'इंडेन' १९६५ साली कलकत्त्यात सुरू झाला. आपल्याकडे तालुक्याच्या गावी तो पोचेपर्यंत पुष्कळ वर्षं गेली, आणि नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. खासदाराच्या कोट्यातून गॅस मिळाला तर गावात पेढे वाटावेत अशी गत. मग १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशात बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली. त्यातली आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ ला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दिली गेली, तीही राज्यभरच्या बचत गटांच्या बायांच्या मेळाव्यात. म्हणजे आपल्याच समोर. जोडणी घेताना रेग्युलेटर कसा लावायचा, वास आला तर काय करायचं, हे सांगितलं गेलं. वास आला तर. तिथंच गोम आहे.

कारण गॅसला मुळात वास नसतो. आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो, सडक्या कोबीसारखा, कुजक्या कांद्यासारखा, तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा असतो. तो का मिसळतात त्यामागं मोठं दुःख आहे. १८ मार्च १९३७. अमेरिकेत टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचं गाव, तेलविहिरींचा श्रीमंत मुलूख. तिथल्या शाळेनं पैसे वाचवण्यासाठी विकतचा गॅस बंद करून तेलक्षेत्राच्या नळीतून वाया जाणारा गॅस जोडून घेतला होता. तो कुठूनतरी गळत होता आणि इमारतीखालच्या पोकळीत साठत होता. वास नाही, त्यामुळं कळलं नाही. मुलांची डोकी दुखत होती म्हणतात. शाळा सुटायला थोडाच वेळ असताना यंत्राची एक ठिणगी पडली आणि सगळी इमारत उचलली जाऊन खाली आली. तीनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक लेकरं. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासनं गॅसमध्ये वास मिसळायचा कायदा केला, आणि ही रीत जगभर पसरली. आपल्या सिलिंडरमधला तो घाण वास त्या लेकरांमुळं आलाय. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी शेगडी पेटवताना हात थांबला होता.

तो वास आपल्याला गळतीपासून वाचवतो. आपला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळं जमिनीलगत, ओट्याखाली, कोपऱ्यात साठतो. म्हणून वास आला की काडी नको, बटण नको, चालू असलेला दिवासुद्धा बंद करू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि बाहेरून १९०६ ला फोन. सर्दी असली, वय झालं, किंवा कोरोनात वास गेला तो परतलाच नाही, अशी माणसं घरात असतील तर त्यांच्या भरवशावर गॅस सोडू नका. एवढं बऱ्याच जणींना पाठ आहे.

पण हा वास फक्त न जळालेल्या गॅसला आहे. गॅस जळतो तेव्हा मर्कॅप्टनही त्याच्याबरोबर जळून जातं. मग ज्वाळेतून जे निघतं त्याला वास उरत नाही. मोकळ्या हवेत ज्वाळा निळी जळते, बाहेर पडतो तो बहुतेक वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. हवा कमी पडली, बर्नर घाणीनं बुजला, तर तोच गॅस अर्धवट जळतो आणि शेगडीतल्या निखाऱ्यासारखा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. टेक्सासच्या कायद्यानं गळतीला वास दिला. अर्धवट जळण्याला वास देणं कुणालाच जमलेलं नाही.

आता त्या ताईच्या न्हाणीघराचा हिशेब मांडते, बचतीचा मांडतो तसाच. चार फूट बाय पाच फूट, उंची साडेआठ. म्हणजे आत पाच घनमीटरच्या आसपास हवा. एक किलो गॅस पुरता जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. झटपट पाणी तापवणारा छोटा गीझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो, शेगडीच्या एका बर्नरपेक्षा कितीतरी जास्त. दार-खिडकी बंद असेल तर दहा मिनिटांत न्हाणीतल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या हवेतला प्राणवायू संपतो. त्याच्या आधीच ज्वाळा गुदमरायला लागते आणि विषारी वायू वाढतो. हजार भाग हवेत एक-दोन भाग तो वायू असला तर तास-दोन तासांत जीव धोक्यात येतो, आणि शंभरात एक भाग झाला तर काही मिनिटंच पुरतात. डोकं जड, मळमळ, पाय लटपट. दाराकडं जायचं सुचेपर्यंत पायांतलं बळ गेलेलं असतं. न्हाताना फिट आली म्हणून मिरगीच्या गोळ्या सुरू झालेले रुग्ण पुढं गीझरचे निघाले, असं आपल्या देशातल्या मेंदूच्या डॉक्टरांनीही लिहिलंय. मार्च २०२३ मध्ये धुळवडीच्या सुमाराला मुंबईत घाटकोपरला एक जोडपं न्हाणीघरात मृत सापडलं, तेव्हाही संशय गीझरवरच आला. शिकलेली, शहरातली माणसं होती ती.

आणि ते ऑक्सिमीटरचं ९८? कोरोनात त्या यंत्रानं आपल्याला फार साथ दिली म्हणून आपला त्यावर विश्वास बसलाय. पण रक्ताला चिकटलेला हा वायू साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायूसारखाच दिसतो. यंत्र खोटं बोलत नाही, त्याला फरक कळत नाही. रक्ताची वेगळी तपासणी लागते. म्हणून अशा वेळी १०८ ला फोन करताना आणि डॉक्टरांपुढं उभं राहताना पहिलं वाक्य असू द्या, "गॅस गीझर चालू होता", किंवा "खोलीत शेगडी होती."

मग हा गीझर आपल्याकडे आत का आला? भारनियमन आठवतं ना? पहाटे वीज नसायची, विजेचा हीटर निकामी. जळण मिळेना. बंब मोडीत घातले, तांब्याला भाव चांगला आला. शौचालय झालं, त्याला लागून पक्कं न्हाणीघर झालं, वर स्लॅब पडली. स्लॅबला साणं कोण ठेवतो! झरोका ठेवला तर तोही आपणच बुजवला, पुठ्ठा लावून, जुनी साडी कोंबून. यात बायांना दोष देणं मला पटत नाही. झरोक्यातून कुणी डोकावेल, हल्ली तर मोबाइल धरेल, ही भीती खरी आहे. कमरेएवढ्या भिंतीआड न्हालेल्या बाईला कडी लावून न्हायला मिळालं, ते तिनं का सोडावं? शहाणपण गीझर बसवणाऱ्याला हवं होतं. कंपनीच्या पुस्तिकेत 'हवेशीर जागी बसवा' असं लिहिलेलं असतं, आणि आमच्याकडं ती पुस्तिका खोक्याबरोबर उकिरड्यावर गेली.

गटाच्या बैठकीत आम्ही यावर दोन वेळा बसलो. पहिल्या बैठकीत भांडणच झालं. "मग काय पुन्हा चूल पेटवू?" एकीनं विचारलं. तिचं खरं होतं. सिलिंडर भरायला पैसे नसले की आजही आपल्यातल्या कितीजणी त्याच स्वयंपाकघरात एका बाजूला चूल पेटवतात, आणि खिडकी थंडीमुळं बंदच असते. दुसऱ्या बैठकीत चौघींनी घरोघर जाऊन पाहायचं ठरलं. सतरा न्हाणीघरांत गीझर आत निघाले. एका ठिकाणी सिलिंडरही आत होता.

तोड निघाली ती साधी. गीझर बाहेरच्या भिंतीवर, वर पत्र्याची पडवी, आत फक्त गरम पाण्याची तोटी. ज्यांचं भाड्याचं घर आहे किंवा बाहेर जागाच नाही, त्यांनी आधी दार उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गीझर बंद करायचा, मग कडी लावायची. एकामागून एक चौघांनी न्हायचं नाही. झरोक्याला पुठ्ठ्याऐवजी तिरप्या पट्ट्यांची जाळी लावली तर वारा येतो पण दिसत नाही. दाराच्या खालच्या अंगालाही तशीच एक. कार्बन मोनॉक्साइड कळवणारं भोंग्याचं यंत्र मिळतं, पण घेताना नीट पाहा. सिलिंडरची गळती कळवणारं वेगळं, ते जमिनीलगत लावतात. हे वेगळं, ते श्वासाच्या उंचीवर. दुकानदार कधीकधी एकाच्या नावावर दुसरं देतो. आणि भांड्याला काजळी धरायला लागली, ज्वाळा पिवळी दिसायला लागली, तर बर्नर साफ करून घ्या. निळी आहे म्हणून बंद खोलीत निर्धास्त मात्र राहू नका.

बाळंतिणीच्या शेगडीवर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण तिथं सासूबाई होत्या. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. शेक द्यायचा तेवढा वेळ दार उघडं, आडवा पडदा, कुणीतरी जागं बसायचं, आणि शेक झाला की शेगडी अंगणात. झोपताना खोलीत निखारा ठेवायचा नाही. त्याऐवजी गरम पाण्याची पिशवी, गोधडीत गुंडाळून.

त्या ताईच्या घरी गीझर हलवायला प्लंबर आला तेव्हा मी तिथंच होते. "आत काय वाईट आहे, सगळ्यांकडं आतच आहे," असं तो कुरकुरत होता. ताईच्या सासूबाईंनी मागच्या भिंतीपाशी जाऊन पायानं जागा दाखवली. तिथं अजून बंबाच्या काजळीचा काळा डाग होता. "आठे लाव," त्या म्हणाल्या. सतरापैकी अकरा घरांतले गीझर आतापर्यंत बाहेर आले आहेत. उरलेल्या सहांचं पोळ्याच्या आधी करायचं ठरलंय.